सगुणाक्कानं आखलेली सहल

बेंगळुरातल्या शिवाजीनगरला जुनी माणसं तेव्हा अजून ब्लॅकपल्लीच म्हणत. तिथल्या मार्केटमागच्या गल्लीत येसाजींचं शिवणाचं दुकान होतं. पुढच्या बाजूला येसाजी शिपायांचे खाकी कपडे शिवत आणि पडद्यामागे त्यांची बायको सगुणाबाई पोलकी आणि परकर. गल्लीत तिला सगळे सगुणाक्का म्हणत. वय पन्नाशीला टेकलेलं, अंगानं काटक, आवाज असा की समोरच्या दुकानातला माणूस उगाचच हो म्हणायचा.

तिचं घराणं बेंगळुरात कधी आलं ते घरात कुणालाच नीट सांगता येत नसे. शहाजीराजांच्या फौजेबरोबर आलो, एवढंच तिचा आजा सांगायचा. तेव्हापासून नऊ-दहा पिढ्या इथंच गेल्या. घरात मराठी टिकली, पण तिच्यात कानडी अशी मुरली होती की कुठला शब्द कुठला, हे सगुणाक्कालाही कळत नसे.

शिवलेले कपडे गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचं काम तिचंच. बसच्या गर्दीत इस्त्री मोडते, म्हणून ती चालत जायची. काखेत गाठोडं, पायात जाड तळव्याच्या चपला, रोजची तीन-चार मैलांची रपेट. विधानसौध, म्हणजे विधानसभेची नवी इमारत, उभं राहत होतं तेव्हा तिनं त्याचा एकेक मजला चढताना पाहिला होता, पण चालता चालता. थांबायला कधी सवड झाली नाही. गाठोडं घेऊन निघालेल्या बाईनं इमारत बघत उभं राहायचं, हे तिच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

शहराच्या पूर्वेला नव्या सरकारी कारखान्यांच्या वसाहती झाल्या आणि पुण्या-सांगलीकडची इंजिनियर मंडळी राहायला आली. त्यांच्या बायकांना हवी तशी पोलकी शिवणारी आणि वर मराठी बोलणारी बाई मिळाली म्हटल्यावर सगुणाक्काचं काम वाढलं. एवढ्या लांब मात्र तिला बसनंच जावं लागे. हेमलता आठल्ये ही तिथली तिची पहिली गिऱ्हाईक. तिचे यजमान बिंदुमाधव आठल्ये वसाहतीतल्या मराठी मंडळाचे चिटणीस होते. गणपती, कोजागिरी, संक्रांतीचं हळदीकुंकू, सगळं त्यांच्या वहीत लिहिल्याप्रमाणे पार पडायचं.

एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. सगुणाक्का हेमलतेच्या पोलक्याच्या बाहीला टाचण्या लावत होती. हेमलता गप्प होती. एरवी ती बोलायला लागली की टाचणी कुठे टोचेल याचा नेम नसे.

"काय झालं अक्का? तोंड उतरलंय," सगुणाक्कानं विचारलं. वयानं लहान असली तरी गिऱ्हाइकाला ती अक्काच म्हणायची.

"काही नाही हो. मंडळाची सहल आहे डिसेंबरात. राजधानीचं दर्शन. विधानसौध, कब्बन पार्क, म्युझियम, टाउन हॉल, टिपूचा वाडा, लालबाग. बस ठरवलीय."

"बरं की मग."

"बस पुरुषांना आणि मुलांना. जागा तेवढीच आहे म्हणे. आम्ही बायकांनी कारखान्याच्या व्हॅननं भांडी घेऊन थेट लालबागेजवळच्या छत्रात जायचं." छत्र म्हणजे तिकडची धर्मशाळा. "तिथं मसालेभात, जिलबी, मठ्ठा. एक वाजता हे लोक सगळं बघून जेवायला येणार. दोन वर्षं झाली मला या गावात. भाजी मार्केट आणि एक थिएटर सोडून काही पाहिलं नाही मी."

सगुणाक्कानं तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या.

"चालत का जात नाही तुम्ही?"

"चालत? एवढं सगळं?"

"आमच्या दुकानापासून लालबागेपर्यंत, मधलं सगळं धरून, सहा मैल. रोज तीन-चार मैल मी चालतेच. मला कोणी बस ठरवली?"

हेमलता हसली, पण ते हसू लगेच विरलं. "बायकांनी बायकांनीच?" तिनं हळूच विचारलं.

"मग कोण पाहिजे? मी येते पुढे."

बोलून गेली खरी, पण बसमध्ये बसल्यावर सगुणाक्काला स्वतःचंच नवल वाटलं. आपण कशाला पुढे झालो? सहल ना आपल्या मंडळाची, ना आपण त्या मंडळाच्या. मग तिला आठवलं, मागच्या गणपतीत ती कपडे द्यायला गेली होती आणि मांडवात क्षणभर टेकली होती. तेव्हा आठल्ये शेजारच्या गृहस्थांना म्हणाले होते, "ही इथली शिंपीण. मराठी आहे म्हणे, पण बोलणं ऐका, गंमत वाटेल." तिनं ते ऐकलं होतं आणि प्रसाद न घेताच उठली होती.

दुसऱ्या दिवसापासून ती तयारीला लागली. बेतायचा खाकी कागद जमिनीवर पसरला आणि त्यावर शिंप्याच्या खडूनं रस्ता काढला. येसाजी पडद्यातून डोकावले.

"हे कुणाचं माप?"

"बेंगळुराचं."

कागदावर इमारती काढायला तिला वेळ लागला नाही. अडचण होती ती मधल्या गोष्टींची. सहा मैल चालायला बायकांचे पाय पुरतील, याची तिला खात्री होती. पण दिवसभर बाहेर राहायचं तर बाई काय करते? सकाळपासून पाणी पीत नाही. आणि पाणी न पिता उन्हात चालली की चक्कर येऊन पडते, मग सगळे म्हणतात, बघा, बायकांना झेपत नाही. पुरुष कुठंही भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. बायकांनी कुठे जायचं? आठल्यांच्या वहीत या प्रश्नाला ओळच नव्हती, कारण तो त्यांना कधी पडलाच नव्हता.

मग तिनं आपली गिऱ्हाइकं आठवली. म्युझियमजवळ कावेरम्मा राहायच्या, निवृत्त शाळामास्तरीण. त्यांच्या परसात दोन संडास आणि विहीर होती. टाउन हॉलमागे एका वकिलाचं घर होतं. तिथल्या तिघी सुनांची पोलकी तिच्याकडे यायची. ती दोन्ही घरी स्वतः जाऊन आली. "एका रविवारी दहा-बारा बायका येतील, हात-पाय धुतील, पाणी पितील, जातील." कावेरम्मा म्हणाल्या, "नुसतं पाणी कसं? मी मज्जिगे करते." मज्जिगे म्हणजे ताक. सगुणाक्कानं ते कागदावर लिहून ठेवलं.

लागोपाठ दोन मंगळवार ती सगळा रस्ता चालून आली. एकदा भरभर आणि एकदा मुद्दाम सावकाश, पायात नवी चप्पल असलेल्या बाईसारखी. कब्बन पार्कात सकाळी नऊला कोणत्या झाडांखाली सावली असते, रस्ता ओलांडायला पोलीस कुठे उभा असतो, कुठल्या बाकाच्या फळ्या धड आहेत, सगळं तिनं बघून घेतलं. खडूच्या रेघांमध्ये तिनं चार खुणा केल्या: पाणी, सावली, बाक आणि आडोसा. हेमलतेनं तो कागद पाहिला आणि शेवटच्या खुणेवर बोट ठेवलं.

"हे कुणाच्या लक्षातच येत नाही हो," ती म्हणाली.

"बाईनं आखलं की येतं. कोणत्या रविवारी जायचं?"

"सहलीच्याच रविवारी."

सगुणाक्कानं मान वर केली. "मग स्वयंपाक?"

"तोच तर प्रश्न आहे," हेमलता म्हणाली. "आम्हीही सगळं बघून एक-दोन वाजेपर्यंत छत्रात पोचू. जो आधी पोचेल त्यानं चूल पेटवावी."

ही गोष्ट वसाहतीत पसरायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी बिंदुमाधव आठल्ये स्वतः दुकानात आले. सगुणाक्का पडद्यामागे मशीनवर होती. ते तिच्याशी बोललेच नाहीत, येसाजींशी बोलले.

"तुमच्या मिसेस आमच्या बायकांच्या डोक्यात काहीतरी भरवताहेत. चांगल्या घरच्या बायका रस्त्यानं मोर्चासारख्या हिंडणार? उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची? तुम्ही त्यांना समज द्या. नाहीतर वसाहतीचं शिवण दुसरीकडे जाईल, एवढं लक्षात ठेवा."

येसाजी हातातल्या कात्रीकडे बघत म्हणाले, "सांगतो साहेब."

मशीन थांबलं. सगुणाक्का पडदा सारून बाहेर आली.

"त्यांना काय सांगता? सहल मी आखली, मला सांगा."

"हे पाहा बाई, तुम्ही इथल्या. आमच्या समाजाच्या रीती तुम्हाला..."

"तुमचा समाज इथं येऊन दहा वर्षं झाली नसतील, अण्णा. आमचा तीनशे वर्षांपूर्वी आला. माझ्या बोलण्याची गंमत वाटते तुम्हाला, ठाऊक आहे मला. वाटू दे. या बोलण्यानंच मी गावभर फिरते आणि मला कोणी हटकत नाही. तुमच्या घरच्या बायकांना दोन वर्षांत तुम्ही काय दाखवलं? चूल. ती त्यांनी सांगलीतही बघितली होती."

"म्हणजे तुम्ही ऐकणार नाही?"

"नाही. शिवण न्यायचं तर न्या. अर्धं झालेलं हेमलताबाईंचं पोलकं आहे आत, आणून देऊ का?"

आठल्ये गेले. येसाजींनी कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, "तू त्या दिवशी जायचं नाहीस."

"मी जाणार."

"मी नको म्हणतो."

"ऐकलं मी. तरी जाणार."

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. तिनं आजवर त्यांचं म्हणणं मोडलं नव्हतं असं नाही, पण ते काहीतरी निमित्त काढून, त्यांच्या नकळत. असं समोर उभं राहून पहिल्यांदाच. ती आत जाऊन मशीनवर बसली आणि हेमलतेचं अर्धं पोलकं तिनं पुढे ओढलं.

चौदा जणींनी येते म्हटलं होतं. रविवारी सकाळी पहिल्या बसनं शिवाजीनगरला उतरल्या सहा जणी. कुणाचं मूल आजारी पडलं होतं, कुणाच्या नवऱ्यानं चप्पलच लपवून ठेवली होती. उतरलेल्यांत नवीनच लग्न झालेली नयना होती. आणि सगळ्यांत शेवटी, दांडीला धरून, नऊवारीतली एक म्हातारी उतरली. सगुणाक्कानं तिला ओळखलं. ती आठल्यांची आई होती, अंबुबाई. वय सहासष्ट.

"तुम्ही?"

"बिंदूनं पाठवलं," अंबुबाई म्हणाल्या. "म्हणाला, आई, तू जाऊन हेमलतेला अडव, तुझं ऐकेल ती. म्हटलं, जाते अडवायला." त्यांनी पदर खोचला. "चला, कुठून सुरुवात?"

हेमलता सासूकडे बघतच राहिली. दोघींचं घरात फारसं पटत नसे, हे वसाहतीत सगळ्यांना माहीत होतं.

त्या सात जणी निघाल्या. सगुणाक्का पुढे, रोजच्या सवयीनं भरभर, मग मागं बघून थांबायची. विधानसौधापाशी पोचल्या तेव्हा ऊन नुकतंच दगडावर आलं होतं. ओळीनं चालणाऱ्या बायका बघून बंदोबस्ताचा पोलीस पुढे आला.

"येनम्मा, मेरवणिगे?" मिरवणूक काढलीय का, असं तो विचारत होता.

"मेरवणिगे इल्ला," सगुणाक्का म्हणाली. "बघायला आलोय, आमच्या राजधानीचं घर." पुढचं ती कानडीतच बोलली. कुठली संघटना, असं त्यानं विचारलं. संघटना नाही, बायका आहोत, असं तिनं सांगितलं. पोलिसाला हसू आलं. "सरी, सरी, नोडी," बरं, बघा, म्हणत तो बाजूला झाला.

आठल्यांच्या वहीप्रमाणे इथं दहा मिनिटं द्यायची होती. सगुणाक्कानं अर्धा तास ठेवला होता. वर दगडात कोरलेली कानडी अक्षरं तिनं बायकांना वाचून दाखवली, सरकारी काम हे देवाचं काम. अंबुबाई म्हणाल्या, "मग देवाच्या कामाला बायका किती आहेत आत?" कुणालाच माहीत नव्हतं. हेमलता म्हणाली, विचारायला हवं.

सगुणाक्का त्यांच्यापासून थोडी बाजूला झाली. रोज या कुंपणाशेजारून ती किती वेळा गेली असेल? आज तिच्या काखेत गाठोडं नव्हतं. हात रिकामे असले की काय करायचं हे तिला सुचेना. शेवटी तिनं ते पाठीमागे बांधले, साहेबलोक बांधतात तसे, आणि मान वर करून खांब मोजले. कुणाला घाई नव्हती. कुणी वाट बघत नव्हतं. डोळे का भरून आले ते तिला कळलं नाही, आणि कुणी विचारायच्या आत ती समोरच्या लाल अठरा कचेरीकडे, म्हणजे हायकोर्टाकडे, चालायला लागली.

कब्बन पार्क झालं, कावेरम्मांच्या परसात ताक झालं, म्युझियम झालं. बायका पाणी पीत होत्या, हसत होत्या. नयनानं तर भर रस्त्यात मोठ्यानं गाणं म्हटलं. टाउन हॉलच्या पायऱ्यांवर मात्र अंबुबाई मटकन बसल्या. टाचेला टरटरून फोड आला होता.

"जटका बोलावते," सगुणाक्का म्हणाली. घोड्याच्या गाड्या समोरच उभ्या होत्या.

"खबरदार. मी जटक्यातून उतरलेली बिंदूनं बघितली तर जन्मभर ऐकवील."

सगुणाक्कानं पिशवीतून धुवट चिंधी काढून पाय बांधला. पण मग टिपूचा वाडा राहिला. नयना हिरमुसली. तिला तोच बघायचा होता. "आपण चौघी वाडा बघून थेट छत्रात जाऊ की, बाकीच्या यांच्याबरोबर सावकाश येतील," ती म्हणाली. सगुणाक्कानं क्षणभर विचार केला. दोन मंगळवार चालून आखलेल्या रस्त्यातला एक तुकडा कापायचा, हे तिच्याही जिवावर आलं होतं.

"नाही. सात निघालो, सात पोचायचं. छत्रात आपण चारच दिसलो तर ते उरलेल्या तिघीच मोजतील."

लालबागेच्या खडकावर त्या चढल्याच. अंबुबाई चपला हातात घेऊन, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून चढल्या. वरच्या, गाव वसवणाऱ्या केम्पेगौडांच्या बुरुजाला हात लावून मगच खाली उतरल्या.

छत्रात पोचायला अडीच वाजले. पुरुष दीड तासापासून तिथं होते. भांडी एका ओळीत मांडलेली, चूल थंड, पोत्यात वांगी तशीच. व्हॅननं आलेल्या दोन-तीन बायकांनी, बाकीच्या आल्याशिवाय आम्ही एकट्या एवढ्यांचं करणार नाही, असं सांगून टाकलं होतं. लोकांनी केळी खाल्ली होती आणि सालींचा ढीग पडला होता. आठल्ये तरातरा पुढे आले आणि आईला बघून थबकले.

"आई, तू? तुला मी..."

"अडवायला पाठवलं होतंस. अडवलं की. विधानसौधापाशी अर्धा तास अडवलं, बागेत अडवलं, म्युझियममध्ये अडवलं. तुमचं बसमधून किती बघून झालं?"

मागून कुणीतरी हसलं. आठल्यांचं तोंड लाल झालं. बायकांनी हातपाय धुतले, ओसरीवर गोल करून बसल्या आणि पिशव्यांतून दशम्या, चटणी आणि लिंबू पिळलेल्या भाताचं चित्रान्न काढलं. सात जणींपुरतंच होतं. अंबुबाईंनी अर्धी दशमी मुलापुढे धरली. त्यांनी ती घेतली नाही, ते जाऊन बसमध्ये बसले. नयनाचा नवरा उपेंद्र थोडा वेळ चुळबुळला. मग शर्टाच्या बाह्या सारून त्यानं लाकडं रचली आणि चूल पेटवली. धूर फार झाला. भात खालून लागला आणि वरून कच्चा राहिला. तो सगळ्यांनी खाल्ला.

संध्याकाळी सगुणाक्का घरी आली. येसाजी दुकानाच्या पायरीवर बसले होते. त्यांनी विचारलं, "विधानसौध आतून कसं आहे?"

"आत कुठं सोडतात? बाहेरून बघितलं."

"बाहेरून तर तू रोजच बघतेस."

"रोज पुढून जाते. आज उभी राहिले."

येसाजी उठले. आतून तांब्या आणून त्यांनी तिच्यापुढे ठेवला. तुझं बरोबर होतं, असं मात्र ते त्या दिवशी म्हणाले नाहीत आणि पुढेही कधी म्हणाले नाहीत.

आठल्यांनी शब्द पाळला. वसाहतीचं शिवण दुसऱ्या शिंप्याकडे गेलं आणि चार महिने सगुणाक्काचं मशीन अर्धा दिवस झाकलेलं असे. येसाजी दर आठवड्याला ते बोलून दाखवत. ती म्हणे, सरी, आणि नव्या गल्ल्यांतून कामं शोधत हिंडे. हेमलतेमार्फत आठल्यांकडे माफीचा एक शब्द टाका, असं दोघातिघांनी सुचवलं. तिनं तो टाकला नाही. एप्रिलात अंबुबाई बस बदलून एकट्या दुकानात आल्या, हातात खणाचा कपडा. "तो दुसरा शिंपी काखेत घट्ट करतो," त्या म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्याबरोबर आणखी दोघी आल्या. मग आठल्यांना काही चालवता आलं नाही.

त्या वर्षीच्या मंडळाच्या सभेत हेमलता उभी राहिली आणि म्हणाली की सहलीचा ठराव मांडण्याआधी स्वयंपाक कोण करणार ते लिहून घ्या. त्यावर दीड तास वाद झाला. शेवटी आचारी ठरला आणि बसमध्ये बायकांना जागा मिळाल्या. नवरे मोठ्या मनानं खिडकीच्या जागा देऊ लागले.

त्या डिसेंबरात बसमध्ये बऱ्याच खिडक्या रिकाम्या राहिल्या. एकोणीस बायका सकाळी साडेसहाला शिवाजीनगरच्या स्टँडवर उतरल्या होत्या. सगुणाक्कानं त्यांना एकदा मोजलं, पुन्हा एकदा मोजलं, सगळ्यांच्या चपला बघितल्या, एकीला तिथल्या तिथं चप्पल बदलायला लावली आणि म्हणाली, "पाणी प्या पोटभर. मग निघू."